खेळ कशाला म्हणायचे?

खेळ म्हणजे काय, हे मुलांना शिकवावे लागत नाही. व्याख्या करायला बसले की मात्र मोठ्यांचीही पंचाईत होते. लुडविग विट्गेनश्टाइन या तत्त्ववेत्त्याचे तर असे म्हणणे होते की सर्व खेळांत समान असे एकही लक्षण सापडत नाही. एका कुटुंबातल्या माणसांप्रमाणे त्यांचे चेहरे एकमेकांशी जुळतात, इतकेच.

नोव्हेंबर २००३ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे या प्रश्नाला पुन्हा हात घातला गेला. डिजिटल खेळांच्या अभ्यासकांच्या 'डिग्रा' या आंतरराष्ट्रीय संघटनेची ती पहिली परिषद होती. संगणकावरचा खेळ ही एक प्रकारची कथा समजावी, की नियमांची रचना, असा वाद त्या काळी रंगला होता. परिषदेत येस्पर यूल या डॅनिश अभ्यासकाने आधीच्या सात व्याख्या ताडून पाहिल्या आणि खेळाची सहा लक्षणे मांडली :

१. ठरलेले नियम असतात.
२. निकाल वेगवेगळे लागू शकतात व ते नेमके मोजता येतात.
३. काही निकाल चांगले, काही वाईट मानले जातात.
४. निकाल बदलण्यासाठी खेळाडू प्रयत्न करतो.
५. जिंकल्याचा आनंद आणि हरल्याचे दुःख त्याला होते.
६. खेळाचे प्रत्यक्ष जीवनावर काय परिणाम व्हावेत, हे खेळणाऱ्यांना ठरवता येते.

आता ही कसोटी लावून पाहू. बुद्धिबळ सहाही अटी पुऱ्या करते. सापशिडीत सारे काही फाशावर अवलंबून. प्रयत्नाला वावच नाही, म्हणून ती सीमारेषेवर. भातुकलीत हार-जीत नाही, म्हणून ती रेषेबाहेर! आपल्याला हे खटकते, कारण इंग्रजीत 'प्ले' आणि 'गेम' असे दोन शब्द आहेत, मराठीत मात्र दोन्हींना आपण खेळच म्हणतो. यूल यांची व्याख्या 'गेम'ची आहे.

सहावे लक्षण सर्वांत सूक्ष्म आहे. रस्त्यावरच्या रहदारीला नियम आहेत, वेळेवर पोहोचणे किंवा अपघात होणे असे बरेवाईट निकालही आहेत. पण अपघात झाल्यावर 'हा डाव रद्द' असे म्हणता येत नाही. उलट गोट्या खेळताना जिंकलेल्या गोट्या ठेवायच्या की परत करायच्या, हे मुले आधीच ठरवून घेतात. धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू करून घेतात. तो बाद झाला तरी बाद होत नाही. परिणाम आपल्या हाती ठेवण्याची ही कला मुलांना कोणी शिकवलेली नसते.

शिक्षकांच्या दृष्टीने खरी गोम येथेच आहे. 'खेळातून शिक्षण' म्हणून आपण वर्गाचे दोन गट पाडतो, प्रश्न विचारतो, फळ्यावर गुण मांडतो. तोवर तो खेळ असतो. तेच गुण निकालपत्रकाच्या वहीत उतरले, की परिणाम मुलांच्या हाती राहत नाहीत. नियम तेच, फळा तोच. पण आता ती परीक्षा झाली. चुकून पाहण्याची मोकळीक गेली, आणि खेळाचा उपयोग तर त्या मोकळिकीतच होता. परीक्षा घेण्यात गैर काही नाही. तिला खेळ म्हणू नये, इतकेच.

विद्यार्थ्यांकडून एक तक्ता करून घ्या. लगोरी, विटीदांडू, पतंग, भेंड्या आणि मोबाइलवरचा एखादा खेळ यांना सहा कसोट्या लावू द्या. मतभेद होतील. कोणते लक्षण अपुरे पडते, हे शोधताना मुलांना व्याख्या घडते कशी ते कळेल.