गीझरचा स्विच कुठे असावा?

आमच्या न्हाणीघरातला गीझर एकदा बिघडला. स्विच बंद करून मी झाकण काढले आणि सवयीने टेस्टर टेकवला, तर त्याचा दिवा लागला! स्विच बंद, पाणी गार, आणि वीज मात्र आत हजर. कुणा वायरमनने स्विच फेजऐवजी न्यूट्रल तारेत बसवला होता. (मेन बंद न करता झाकण उघडले, ही चूक माझी.)

विद्यार्थ्यांनो, टेस्टरचा दिवा लागला यात भौतिकशास्त्राच्या नियमाविरुद्ध काहीच नव्हते. परिपथ कुठेही तोडला तरी प्रवाह थांबतो. पण प्रवाह थांबला म्हणजे विद्युतदाब नाहीसा झाला असे नव्हे. न्यूट्रल तुटली तर कॉइलची दोन्ही टोके जमिनीच्या मानाने २३० व्होल्ट दाबावरच राहतात. म्हणून गीझरला दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा 'डबल पोल' स्विच हवा.

तो बसवायचा कुठे? थोडे गणित करू. २००० वॅटच्या गीझरमधून सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या परिपथात १६ अँपिअरचा एमसीबी असतो असे समजू. माणसाच्या कोरड्या त्वचेचा रोध पुष्कळ असतो. अंग भिजले की शरीराचा रोध १००० ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. एवढ्याने एमसीबी ढिम्म हलत नाही; माणसाचे हृदय बंद पडायला मात्र तेवढा प्रवाह पुरतो. यासाठीच ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लावतात.

तेव्हा स्विच न्हाणीघराबाहेर, दाराशेजारच्या भिंतीवर हवा. "थंडीत ओल्या अंगाने बाहेर कोण येणार?" असे घरातले म्हणतील. पण तेच तर हवे आहे! बाहेर यायचे म्हटले की माणूस आधी अंग पुसतो. शिवाय आत कुणाला शॉक बसला, तर दाराला आतून कडी असली तरी बाहेरून वीज तोडता येते.

ब्रिटनमध्ये पाणी जागच्या जागी तापवणारे विजेचे शॉवर घरोघरी आढळतात. ९.२ किलोवॅटचा शॉवर २३० व्होल्टवर तब्बल ४० अँपिअर प्रवाह घेतो. तिथे स्विच न्हाणीघरातच ठेवायचा तर तो छताला बसवतात आणि खाली दोरी सोडतात. ओला हात लागतो तो दोरीला.

आमचा स्विच त्याच आठवड्यात बाहेर आला. तुमच्या घरचा कुठे आहे ते आज पाहा. तो कोणत्या तारेत आहे, हे मात्र वायरमनलाच तपासू द्या.