फेसाळती वाइन : बाटलीची पारख आणि पेल्याचे मान

वर्षअखेर जवळ आली की मनमाडसारख्या रेल्वेच्या गावातही ‘शॅम्पेन’ हा शब्द कानावर पडू लागतो. त्या नावाने जी बाटली उघडली जाते ती बहुधा शॅम्पेन नसते आणि तिच्यातील बराचसा ऐवज पोटात जाण्याऐवजी एकमेकांच्या अंगावर उडवला जातो. शॅम्पेन हे फ्रान्समधील एका प्रांताचे नाव आहे. तेथील द्राक्षांपासून, तेथील नियमांनुसार केलेल्या फेसाळत्या वाइनलाच ते शोभते. बाकीच्या सर्व ‘स्पार्कलिंग वाइन’. परंतु नाव नाही म्हणून गुण नाही, असे मात्र नव्हे.

मनमाडहून नाशिककडे जाताना, विशेषतः निफाडच्या आसपास, रुळांलगत द्राक्षबागा दिसतात. त्यांतील बहुतेक द्राक्षे खाण्याची. गोड आणि आंबटपणा कमी असलेली. फेसाळत्या वाइनला नेमके उलटे हवे असते. तिच्यासाठी शेनिन ब्लांसारखी द्राक्षे पूर्ण गोड होण्याआधीच, आंबटपणा शाबूत असताना तोडली जातात. आपल्याकडे हा मार्ग प्रथम दाखवला तो पुणे जिल्ह्यातील नारायणगावने. श्याम चौगुले यांच्या कारखान्यातील ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन 1980च्या दशकात परदेशी रवाना होऊ लागली. पुढे नाशिकच्या ‘सुला’ने ही वाट धरली आणि 2013 मध्ये फ्रेंच मालकीच्या ‘शांदों’ने दिंडोरीच्या परिसरातील द्राक्षांपासून केलेली वाइन बाजारात आणली. आयात मद्यावर वर्षानुवर्षे 150 टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क आकारले गेले. त्यामुळे खऱ्या शॅम्पेनच्या एका बाटलीच्या पैशांत जिल्ह्यातल्या कित्येक बाटल्या येतात.

मग स्वस्त बाटलीत पारखायचे काय? बुडबुडे कोठे जन्मले, ते. पारंपरिक पद्धतीत तयार वाइन बाटलीत भरून तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात व बाटली बंद करतात. आत दुसऱ्यांदा किण्वन होते, वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. दाब वातावरणाच्या पाच-सहा पट होतो, म्हणूनच या बाटलीची काच जाड आणि बूड खोलगट. मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाइन कित्येक महिने पडून राहते आणि तिला भाजलेल्या पावासारखा वास येतो. मग बाटल्या उलट्या कलवत गाळ गळ्याशी आणतात, तो गोठवून बाहेर काढतात आणि पुन्हा बूच लावतात. एवढ्या उस्तवारीचे पैसे पडतातच. दुसऱ्या पद्धतीत हेच किण्वन मोठ्या टाकीत होते. इटलीची ‘प्रोसेको’ बहुतांशी अशीच. तिच्यात कमीपणा काही नाही, फळाचा ताजेपणा असतो. तिसरी पद्धत सोड्यासारखा वायू बाहेरून भरण्याची. तिचे बुडबुडे ढोबळ असतात आणि लवकर विझतात. वेष्टनावर बहुधा पद्धतीचा उल्लेख असतो. तो वाचण्यास अर्धे मिनिट पुरते. ‘ब्रूट’ म्हणजे जवळजवळ अगोड, ‘डेमी सेक’ म्हणजे चांगलीच गोड, एवढेही ध्यानात असू द्यावे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ मात्र ब्रूटपेक्षा गोड असते; हे नामकरण ज्याने केले त्याला ग्राहकाची दया आली नसावी.

मनमाडच्या उन्हाळ्यात ही बाटली गरम डब्यातून वा गाडीच्या डिकीतून आणणे हा दुष्टपणाच. गरम बाटली उघडताच निम्मी सांडते. शीतकपाटात तीन-चार तास ठेवावी. मग कागद काढून, बुचावर अंगठा ठेवूनच तार सैल करावी. बाटली तिरपी आणि तोंड माणसांपासून दूर धरून बूच स्थिर ठेवावे व बाटली फिरवावी. सुटताना सुस्कारा ऐकू आला की काम नीट झाले. मोठा आवाज म्हणजे वाया गेलेला वायू, आणि डोळ्यावर बसलेले बूच दृष्टीही घालवू शकते. सोबतीला कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा असे खमंग तळण उत्तम. आंबटपणा तेलकटपणा कापतो. झणझणीत मिसळीशी मात्र तिचे जमत नाही, मद्याने तिखटाचा दाह वाढतो.

आता मान. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 125 मिलिलिटरचे सहा पेले. 12 टक्क्यांच्या वाइनच्या प्रत्येक पेल्यात सुमारे 12 ग्रॅम मद्यार्क. चव हलकी म्हणून हे प्रमाण हलके होत नाही. उलट बुडबुड्यांमुळे मद्यार्क रक्तात लवकर उतरतो, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकाच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. 60 किलो वजनाच्या माणसाला रिकाम्या पोटी घेतलेले दोन पेले ती ओलांडायला पुरतात. नाशिकहून रात्री चांदवडमार्गे परतायचे असेल तर चालवणाऱ्याने पेला हाती धरूच नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘वाइन हृदयाला चांगली’ ही सबब आता चालणार नाही. घ्यायचीच तर चवीसाठी, जेवणासोबत, एक पेला, सोबत पाणी. गर्भवतींनी आणि यकृताचा विकार असलेल्यांनी तोही घेऊ नये.

चौघांत एक बाटली घेतली तर थोडी उरतेच. गळ्यात चांदीचा चमचा अडकवला की बुडबुडे टिकतात, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. चमच्याने काही होत नाही. घट्ट बसणारे खास झाकण लावून बाटली थंड ठेवावी. दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत फेस बऱ्यापैकी शिल्लक राहतो.