पाय गेला, पण खांदे शाबूत आहेत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रूळ ओलांडताना किंवा लोकलच्या दारातून पडून पाय गमावलेला एखादा तरी माणूस बहुतेक वस्त्यांच्या ओळखीचा असतो. कुणाचा पाय कारखान्यात यंत्राखाली जातो, तर कुणाचा मधुमेहातील जखम चिघळल्यामुळे कापावा लागतो. तो घरी आला की घरचे त्याला मायेने एका जागी बसवून ठेवतात. ताट जागेवर, पाणी जागेवर. वर्षभरात त्याचे वजन वाढते, सांधे आखडतात आणि मन खचते. म्हणून या वेळी आम्ही बसून खेळायच्या एका खेळाविषयी सांगणार आहोत. तो खेळ म्हणजे होडी वल्हवणे.

आंध्र प्रदेशातील जवान नारायण कोंगनपल्ले यांचा पाय 2015 साली जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेला. पुढे त्यांनी पुण्यातील लष्कराच्या रोइंग केंद्रात सराव केला. 2023 च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी जोडीदार अनिता यांच्यासोबत रौप्यपदक मिळवले आणि 2024 मध्ये ही जोडी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उतरली. कयाक या दुसऱ्या प्रकारात मध्य प्रदेशच्या प्राची यादव यांनी हांगझोऊला सुवर्णपदक जिंकले. त्यांचे पाय आहेत, पण त्यांत ताकद नाही.

हे दोन खेळ वेगळे आहेत. रोइंगमध्ये खेळाडू पाठमोरा बसतो आणि वल्ही होडीला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे असते आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे हातात धरून डावीकडे-उजवीकडे पाणी मागे ढकलायचे असते. पॅरालिम्पिकमध्ये कयाकची शर्यत 200 मीटरची असते. पाय, कंबर आणि पाठीत किती ताकद उरली आहे ते तपासून खेळाडूंचे तीन वर्ग करतात, म्हणजे सारख्याची सारख्याशी स्पर्धा होते.

पाहणाऱ्याला वाटते, सारे काम हातांचे आहे. प्रत्यक्षात धड कमरेतून वळते, पाय टेकूवर रेटा देतो आणि ती ताकद खांद्यातून वल्ह्यात जाते. एक पाय नसला की रेटा एकाच बाजूने मिळतो आणि होडी कलते. म्हणून बैठक आणि पायाचा टेकू खेळाडूच्या मापाने बसवून घ्यावा लागतो. पोट आणि पाठ बळकट करणे हा या खेळाचा पाया आहे.

ही तयारी घरच्या चटईवर सुरू होते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपावे. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. सांधा वाकलेलाच आखडला, तर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. उरलेल्या भागावर पट्टी कशी बांधायची ते दवाखान्यात शिकून घ्यावे. तो भाग रोज धुवावा, कोरडा करावा आणि आरसा धरून खालून तपासावा. मधुमेह असलेल्याने दुसरा पायही रोज पाहावा. जखम भरल्यावर बसून धड वळवण्याचे आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून करावेत. कुबड्यांमुळे खांदे आधीच थकलेले असतात. ते दुखू लागले तर थांबावे.

नसलेला पाय दुखतो, त्याची बोटे खाजतात, असे अनेक जण सांगतात. ही बाहेरची बाधा नव्हे. तुटलेल्या नसा आणि मेंदू यांच्यातला हा व्यवहार आहे आणि त्यावर औषध आहे. मांत्रिकाकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

पुढची पायरी पोहण्याची. आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक मिळवले. होडी उलटली तर त्यातून सुटून तरंगता आलेच पाहिजे. शरीर होडीला कधीही असे बांधू नये, की झटक्यात सुटणार नाही.

मात्र शिकण्यासाठी उल्हास किंवा वालधुनीत उतरू नका. वालधुनीत कारखान्यांचे सांडपाणी येते, कापलेल्या जागी त्याचा संसर्ग होईल. उल्हासचा पूर तर 2019 च्या जुलैत आपण पाहिला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. जीवरक्षक असलेला तरणतलाव आणि नंतर प्रशिक्षक, लाइफ जॅकेट व बचावाची होडी असलेला क्लब, हाच मार्ग धरावा.

कागदपत्रांना उशीर करू नका. स्वावलंबन पोर्टलवर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करता येतो. 2016 च्या कायद्यातील बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. कृत्रिम पायासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दादरला गाडी बदलून महालक्ष्मी स्टेशनला उतरावे.

पदक सर्वांना मिळणार नाही. पण खेळाच्या निमित्ताने माणूस रोज उठतो, व्यायाम करतो, घराबाहेर पडतो, हा लाभ पदकाहून लहान नाही. आपल्या वस्तीत असा कुणी घरात बसून असेल, तर येत्या रविवारी विहारात येताना त्याला सोबत आणा. हे पान त्याला वाचून दाखवा. आणि घरी परतल्यावर पाण्याचा तांब्या त्याचा त्यालाच घेऊ द्या.