समुद्रतळाची वीज

24 एप्रिल 2015 रोजी अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून पाचेकशे किलोमीटर दूर, दीड किलोमीटर खोल पाण्याखाली ॲक्सियल नावाचा ज्वालामुखी जागा झाला. एका दिवसात आठ हजारांच्या आसपास छोटे-मोठे भूकंप झाले आणि त्यांची नोंद शास्त्रज्ञांना किनाऱ्यावर बसून, घटना घडत असतानाच मिळत होती. भूकंपमापकांना अखंड वीज आणि माहिती पाठवायला वाट देणारी केबल तिथे काही महिन्यांपूर्वीच पोचली होती, म्हणून हे जमलं. त्याआधी अशा उपकरणांना बॅटरी लावून ती तळाशी सोडत, आणि वर्षभराने जहाज जाऊन ती वर काढी, तेव्हा आत काय नोंदलं गेलं ते कळे.

सागरतळावरच्या वेधशाळांबद्दल लिहिताना कॅमेरे आणि भूकंपमापक भाव खाऊन जातात. मला मात्र त्यांच्या पाठीमागची वीजव्यवस्था जास्त विलक्षण वाटते. ती बिघडली तर दुरुस्तीला खास जहाज आणि दूरनियंत्रित पाणबुडी लागते, आणि हवामानाने साथ दिली नाही तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

कॅनडातली नेपच्यून वेधशाळा घ्या. व्हँकूव्हर बेटावरच्या पोर्ट अल्बर्नीहून निघालेली तिची सुमारे 800 किलोमीटरची केबल समुद्रात वळसा घालून पुन्हा तिथेच येते. 2009 च्या अखेरीस ती सुरू झाली. तिची सर्वांत खोल ठिकाणं अडीच किलोमीटरच्याही खाली आहेत, म्हणजे तिथल्या प्रत्येक झाकणावर, प्रत्येक सीलवर अडीचशेहून अधिक वातावरणांचा दाब. किनाऱ्यावरून सोडलेली 10,000 व्होल्टची डीसी वीज तळावरच्या केंद्रांत 400 व्होल्टवर उतरवली जाते आणि तिथून उपकरणांना मिळते.

दहा हजार व्होल्ट कशासाठी, हे हिशेबानेच पटतं. एका केंद्राला 10 किलोवॅट हवेत आणि केबलचा रोध दर किलोमीटरला एक ओहम आहे असं धरू. दहा हजार व्होल्टला एक अँपियर पुरतो, आणि शंभर किलोमीटरमध्ये शंभर व्होल्टच पडतात. तीच वीज 400 व्होल्टने न्यायची तर 25 अँपियर लागतील, आणि नुसत्या केबलमध्येच अडीच हजार व्होल्ट पडतील. म्हणजे ते अशक्यच. एसी नेली तर लांबलचक केबल आपल्या धारकतेमुळे स्वतःच प्रवाह खात बसते, म्हणून डीसी.

पण इथे एक खोच आहे. तळावरचे कन्व्हर्टर ठरावीक वॅट काढून घेतातच; व्होल्टेज घसरलं की ते जास्त प्रवाह ओढतात, त्याने केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात, मग ते आणखी प्रवाह ओढतात. फीडरच्या शेवटच्या टोकाला शेतीपंप लो-व्होल्टेजमध्ये जास्त करंट ओढून जळतो, त्यातलाच हा प्रकार. 800 ओहमच्या केबलमधून एका टोकाने दहा हजार व्होल्ट दिले, तर दुसऱ्या टोकाला सैद्धांतिकदृष्ट्याही 31 किलोवॅटच्या वर वीज मिळू शकत नाही. त्यापलीकडे गेलं की सगळी लाइनच कोसळते. केबलला वळसा देऊन दोन्ही बाजूंनी वीज दिली की हे संकट बरंच दूर जातं, शिवाय एका बाजूला तुटलं तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा चालू राहतो.

दहा हजारांवरून चारशेवर उतरणारा कन्व्हर्टर हीसुद्धा मोठी अडचण होती. एवढा विद्युतदाब एकटा पेलणारे भरवशाचे स्विच मिळणं कठीण, म्हणून नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले अभियंते वाचे व्होर्पेरियन यांनी लहान लहान, प्रत्येकी साधारण दोनशे व्होल्ट घेणारे सुमारे पन्नास कन्व्हर्टर एकापुढे एक जोडले. कुणा एकावर मोठा ताण नाही, आणि प्रत्येकात वापरलेले सुटे भाग नेहमीच्या वापरातले, कसोटीला उतरलेले.

केबलमध्ये वीज नेणारी वाहक तार एकच असते. परतीची वाट म्हणजे खुद्द समुद्राचं पाणी. मग अर्थिंगची झीज कुठे होऊ द्यायची, हे ठरवणं आलं. केबल ऋण ठेवली की तळावरचं इलेक्ट्रोड ऋणाग्र होतं आणि झिजत नाही. झिजणारं धनाग्र किनाऱ्यावर राहतं, तिथे ते बदलता येतं. इतका साधा निर्णय, पण पंचवीस वर्षं चालायच्या यंत्रणेत असल्या निर्णयांवरच सगळं उभं असतं.

बिघाड शोधण्याची पद्धतही अशीच. जमिनीवर दोष आला की ब्रेकर तेवढा भाग तोडतो. पण डीसीत प्रवाह शून्यावरून जात नाही, त्यामुळे तोडताना ठिणगी विझत नाही, आणि दहा हजार व्होल्टांचे ब्रेकर तळाशी ठेवणं म्हणजे नवं जोखमीचं यंत्र ठेवणं. म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठ आणि जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या अशा वीजव्यवस्थेसाठीच्या आराखड्यात वेगळा मार्ग सुचवला होता: दोष आला की सगळी लाइन बंद करायची, कमी व्होल्टेज सोडून किनाऱ्यावरच्या मोजमापांवरून जागा ओळखायची, वीज नसतानाच तिथले स्विच उघडायचे आणि मग उरलेल्या भागात पुन्हा दहा हजार व्होल्ट सोडायचे. थोडा वेळ सगळंच बंद पडतं खरं. पण स्विच साधे राहतात, आणि साधं यंत्र कमी बिघडतं.

सगळ्यात नाजूक जागा मात्र कनेक्टर. पाण्याखालीच जोडता-सोडता येणाऱ्या कनेक्टरमध्ये पिन रबरी सील पुसत तेलाने भरलेल्या कप्प्यात शिरते, म्हणजे धातूवर पाण्याचा थेंब राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरातल्या मार्स वेधशाळेत 2008 साली हेच दुखणं निघालं. 52 किलोमीटरची केबल टाकून झाली, केंद्र 891 मीटर खाली बसवलं, वीज सोडली आणि थोड्याच वेळात एका कनेक्टरमधून खारं पाणी आत शिरलं. पण केंद्राचा गाभा तळावरच्या पोलादी सांगाड्यातून वेगळा काढता येईल असा होता. तो वर आणला, दुरुस्त केला, आणि नोव्हेंबरमध्ये वेधशाळा सुरू झाली. काढता येण्याची सोय आधीच केलेली नसती, तर प्रकल्प तिथेच अडकला असता.

म्हणूनच उपकरणांना वीज देताना प्रत्येक शाखा वेगळी, प्रत्येकीवर गळती मोजणारी व्यवस्था. कुणाच्या कॅमेऱ्यात पाणी शिरलं तर तेवढीच शाखा बंद होते आणि शेजारच्या भूकंपमापकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

जपानने उलटा रस्ता धरला. कुमानो समुद्रातली डोनेट यंत्रणा 2011 मध्ये 20 निरीक्षण-स्थानांसह पूर्ण सुरू झाली. तिथे व्होल्टेजऐवजी प्रवाह स्थिर ठेवतात. केबलला कुठे भोक पडून तार पाण्याला टेकली, तर दोन्ही बाजूंचे स्रोत दोषाच्या जागेपर्यंत तोच प्रवाह पाठवत राहतात, आणि मधली केंद्रं चालू राहतात. वीज कमी मिळते, विभागणं अवघड जातं. पण भूकंप आणि त्सुनामीचा इशारा देणाऱ्या यंत्रणेची केबल ज्या क्षणी सर्वाधिक धोक्यात असते, त्याच क्षणी ती चालायला हवी. त्या देशासाठी हा व्यवहार बरोबरच आहे, असं माझं मत.

हवाईतल्या अलोहा वेधशाळेला असा पर्याय नव्हताच. ओआहू बेटाच्या उत्तरेला 4,728 मीटर खोलीवर 2011 मध्ये ती सुरू झाली, ती निवृत्त झालेल्या हॉ-4 टेलिफोन केबलवर. त्या केबलमधून पूर्वी ठरावीक प्रवाह रिपीटरना पुरवला जात होता. अभियंत्यांनी टोकाच्या कन्व्हर्टरची रचना त्याच प्रवाहावर बेतली आणि उपकरणंही तेवढ्याच विजेत भागतील अशी निवडली.