रंग हवेचा, वास कष्टाचा

लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजमागे पांढऱ्या गुलाबांची भिंत उभी असते. जेवणाची रांग लांब दिसली की मी सटकतो, त्या भिंतीपाशी जातो आणि कुणी बघत नाही असं पाहून एका फुलात नाक खुपसतो. ओल्या स्पंजचा वास येतो. त्यामागून काकडीच्या सालीसारखा काहीतरी हिरवट वास. गुलाबाचा म्हणून जो वास आपण ओळखतो, तो मात्र नसतो. दरवेळी हेच होतं आणि दरवेळी मी थोडा हिरमुसतो.

पांढरं फूल म्हणजे वास, असं आपल्या नाकानं लहानपणीच ठरवून टाकलेलं असतं. मोगरा, जाई, जुई, निशिगंध, अनंत, सोनटक्का, प्राजक्त. यातली बहुतेक मंडळी संध्याकाळनंतर उमलणारी. अंधारात पतंगांना बोलवायचं तर लाल-जांभळ्याचा उपयोग नाही. पांढरा चांदण्यात दिसतो आणि वास लांबून ओढून आणतो. गुलाब मुळात दिवसाचा आणि मधमाश्यांचा गडी. त्याला पांढरं असण्याची किंवा रात्री घमघमण्याची गरज कधी पडली नाही. म्हणून गुलाबात पांढरा रंग आणि वास ही जोडी निसर्गानं बांधून दिलेली नाही. बागेतल्या गुलाबात ती माणसानं जमवली, एकदा गमावली आणि आता पुन्हा जमवतोय.

आधी रंगाचं बघू. घरी पांढरा गुलाब असेल तर एक पाकळी काढा, अंगठा आणि तर्जनीत धरून जरा जोरात चिमटा आणि उजेडासमोर धरा. चिमटलेल्या जागी पांढरा रंग गेलेला दिसेल. तिथं तेलकट कागदासारखा पारदर्शक डाग पडतो, घटकाभरानं तो तपकिरी होतो. रंग गेला कुठं? तो नव्हताच. लाल गुलाबात अँथोसायनिन असतं, पिवळ्यात कॅरोटिनॉइड. पांढऱ्यात या दोन्हींचा जवळजवळ अभाव. पाकळीच्या आतल्या पेशींच्या अधेमधे हवेच्या बारीक पोकळ्या असतात. प्रकाश पेशीतून हवेत, हवेतून पेशीत असा आपटत, वळत, उधळत बाहेर येतो आणि सगळे रंग सारखेच परत आले की आपल्याला पांढरं दिसतं. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, कुटला की पांढराशुभ्र होतो, तसंच हे. चिमटा घेतला की पोकळ्यांतली हवा निघून जाते, तिथं पेशीरस पसरतो आणि पांढरेपणाही जातो. एवढ्या थाटात मिरवणारा रंग म्हणजे शेवटी पाकळीत कोंडलेली हवा, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धं फूल चिमटून संपवलं होतं.

पाकळीत फ्लॅव्होनॉल नावाची द्रव्यंही असतात. आपल्या डोळ्याला ती रंगहीन, पण अतिनील किरण ती शोषून घेतात. मधमाशीला अतिनील दिसतो, त्यामुळे आपण ज्याला पांढरा म्हणतो तो गुलाब तिला पांढरा दिसतच नाही, निळ्या-हिरव्याच्या मधला कुठलासा रंग दिसतो. आणि आपल्याला तरी शुद्ध पांढरा कुठं मिळतो? बाहेरच्या पाकळ्यांवर हरितद्रव्याची झाक राहते, गाभ्याकडे साय किंवा हस्तिदंत. रात्री थंड पडल्या तर दबून बसलेलं अँथोसायनिन डोकं वर काढतं आणि कडा गुलाबी होतात.

वासाचा प्रकार याच्या अगदी उलटा. रंग हवेवर भागतो, वास मात्र राबून करावा लागतो. तुळशीच्या पानावर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात, संत्र्याच्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात. पान चुरडलं, साल पिळली की साठवलेला माल बाहेर पडतो. गुलाबाच्या पाकळीत अशी कोठारं नाहीत. तिच्या वरच्या थरातल्या पेशी वास तयार करतात आणि तयार होईल तसा हवेत सोडत राहतात. हातावर पोट असलेल्या माणसाचा संसारच म्हणा. बहुतेक सुगंधी गुलाबांत हे काम दिवसा चालतं, उन्हं चढली की वाढतं. घट्ट कळीत ते जेमतेम सुरू झालेलं असतं. फूल उमलतं तेव्हा ते ऐन भरात येतं, नंतर पुन्हा उतरतं. बाजारात गुलाब कळीच्या अवस्थेत विकला जातो, म्हणजे सुगंधी जातीचं फूल घेतलं तरी दुकानात त्याचा वास अजून व्हायचाच असतो.

हा वास पेशी करतात कशा, याचं उत्तर २०१५ मध्ये मिळालं आणि ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जिरॅनिऑल हा गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक. इतर वनस्पती असे पदार्थ टर्पिन सिंथेज नावाच्या एंझाइमांनी, पेशीतल्या प्लास्टिड नावाच्या कप्प्यांत बनवतात, तेव्हा गुलाबही तेच करत असणार असं सगळे धरून चालले होते. फ्रान्समधल्या सेंत-एतिएन विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गुलाब शेजारी ठेवले: घमघमणारा ‘पापा मेयाँ’ आणि जवळजवळ बिनवासाचा ‘रूज मेयाँ’. पहिल्यात कुठलं जनुक जोरात चालू आहे आणि दुसऱ्यात थंड आहे, हे त्यांनी शोधलं. हाती लागलं न्यूडिक्स कुळातलं एक एंझाइम. हे कुळ जिवाणूंपासून माणसापर्यंत सगळीकडे आहे आणि त्यातल्या कितीतरी सभासदांचं काम पेशीतली खराब झालेली, नको असलेली द्रव्यं निस्तरण्याचं. थोडक्यात झाडलोट. गुलाबानं या झाडलोट करणाऱ्यांपैकी एकाला अत्तराच्या कामाला लावलं, तेही प्लास्टिडच्या बाहेर, पेशीच्या उघड्या द्रवात.

गुलाबांच्या वासात शेकड्यांनी रसायनं ओळखली गेली आहेत. त्यातली जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, नेरॉल ही एका घरातली भावंडं. फिनाइलइथेनॉल निराळं, ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. गुलाब उकळून वाफ थंड केली की ते बरंचसं पाण्यात उतरतं, म्हणून गुलाबपाणी आणि गुलाबाचं अत्तर यांचा वास एक वाटत नाही. बीटा-डॅमॅसेनोन अत्तरात एक टक्क्याहूनही कमी असतं, पण नाक त्याला इतकं धार्जिणं आहे की वासातला मोठा वाटा तेच उचलतं. चिनी गुलाबांकडून आलेला आणखी एक पदार्थ आहे, त्याला चहाच्या पानांची आठवण करून देणारा वास. ‘टी रोज’ हे नाव पडलं ते या वासावरून, असं बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं.

आता गमावण्याची गोष्ट. जर्मनीत ट्रिअर गावी पीटर लांबर्ट नावाचे गुलाब पैदासकार होते. १८९१ मध्ये त्यांनी एक पांढरा गुलाब बाजारात आणला आणि त्याला तेव्हाच्या जर्मन सम्राज्ञीचं नाव दिलं: ‘कायझरिन ऑगुस्टे व्हिक्टोरिया’. सायीसारखा पांढरा, पाकळ्यांनी खचाखच भरलेला आणि वासाचा. काचघरात तो उत्तम येई, त्यामुळे कटफ्लॉवर म्हणून युरोप-अमेरिकेच्या फूलबाजारात त्यानं बरीच वर्षं काढली. पुढे दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, याच लांबर्टनी दुसरा पांढरा गुलाब दिला: ‘फ्राऊ कार्ल द्रुश्की’. हा पहिल्याहून पांढरा. इतका पांढरा गुलाब तोवर लोकांनी पाहिला नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव नको झालं, तेव्हा लोकांनी त्याला ‘स्नो क्वीन’ म्हणजे हिमराणी म्हणायला सुरुवात केली. फूल मोठं, झाड दणकट. वास नाही.

लांबर्टना वास आणता येत नव्हता अशातला भाग नाही. दहा वर्षांपूर्वीच आणला होता. पण वास संकराच्या हिशेबात बसत नाही. सुगंधी झाडाचं कलम सुगंधीच निघतं, तशी बियांतून आलेल्या संततीची खात्री देता येत नाही. सुगंधी आईबापांच्या बियांतून बिनवासाची रोपं सर्रास निघतात. आणि फुलं पसंत करणारे लोक आधी डोळ्यांनीच पसंत करत होते.

विसाव्या शतकात फूल विमानात बसलं आणि वासाची उरलीसुरली किंमतही गेली. देठ किती लांब, कळी किती मोठी, डब्यातून कितव्या दिवशी निघाली, यावर भाव ठरू लागला. नेदरलँड्समधल्या आल्समीरच्या लिलावात घड्याळाचा काटा खाली घसरत असतो आणि गिऱ्हाईक सेकंदात बटण दाबतं. तिथं नाकाला कोण विचारतो? त्यातून पैदासकारांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असा की वासाची फुलं फुलदाणीत लवकर मान टाकतात. वास आणि अल्पायुष्य यांची गाठ जनुकांतच बांधलेली आहे की सुगंधी जातींच्या पाकळ्या मुळातच पातळ म्हणून हे होतं, यावर वाद आहे. व्यापाऱ्यानं वादाचा निकाल लागेपर्यंत थांबायचं कारण नव्हतं.

आपल्या मावळात जा. तळेगाव दाभाडेच्या आसपास पॉलिहाउसची प्लास्टिकची छपरं टेकडीवरून तळ्यांसारखी चमकतात. जानेवारीअखेर तिथं ‘व्हॅलेंटाईन’ हा सण आपल्या कुठल्याही सणाहून मोठा असतो. लालाचा मान पहिला, पण पांढराही असतो आणि तो बहुधा ‘ॲव्हलांच’ या डच जातीचा. झाडं फांद्या वाकवून ‘बेंडिंग’ केलेली, म्हणजे खालची पानं अन्न करतात आणि वर सरळ, लांब दांडा सुटतो. कळीवर जाळीची टोपी चढवतात, त्यानं ती लवकर उमलत नाही आणि मोठी होते. पहाटे तोडणी, लगेच पाण्यात, मग कोल्ड स्टोरेजला, मग लांबीनं ग्रेडिंग आणि वीस-वीसचा बंच. पांढरा हा सगळ्यात खोडसाळ माल. लाल पाकळीवरचा डाग लपतो, पांढऱ्यावर बोट जोरात लागलं तरी उद्या तपकिरी ठसा उमटतो. हवा दमट झाली की बोट्रायटिस बुरशीचे ठिपके येतात. फुलकिडे फिकट फुलांवर जास्त येतात आणि पाकळीच्या कडा खरवडून ठेवतात. इतकं सांभाळून जे फूल निघतं ते आठ-दहा दिवस तसंच्या तसं उभं राहतं. वास नाही, म्हणून त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ज्यासाठी ते घडवलं, ते काम ते चोख करतं.

तरी वासाची भूक गेली नाही, आणि ती बाजारालाच कळली. इंग्लंडमध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या सुगंधी गुलाबांचा संकर नव्यांशी करायला घेतला, १९६१ मध्ये ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ आला. बागेतले हे गुलाब कटफ्लॉवर म्हणून टिकवणं हे पुढचं काम फार दमवणारं होतं. २००६ मध्ये लंडनच्या चेल्सी फुलप्रदर्शनात मांडलेल्या त्यांच्या जर्दाळू रंगाच्या ‘ज्युलिएट’मागे पंधरा वर्षांची मेहनत होती. याच घराण्यातला लोणी-पांढरा ‘पेशन्स’ हा वासाचा, लग्नांसाठीचा गुलाब, नावाचा अर्थ ‘धीर’, आणि ते शोभतंही. इक्वेडोर-कोलंबियातल्या उंच, गार मळ्यांतून ‘व्हाइट ओ’हारा’ येतो. गाभ्याशी पुसट गुलाबी, उमलल्यावर वाटीएवढा आणि वास असा की कुणाला दाखवावा लागत नाही. हे गुलाब महाग पडतात. देठ नाजूक, पाकळ्या मऊ, आयुष्य थोडं: टिकाऊ जाती आठ-दहा दिवस जातात तिथं हे साधारण पाच ते सात. घेणारे हे ठाऊक असूनच घेतात.

असा गुलाब कधी हाती आला तर घट्ट कळी घेऊ नका, अर्धवट उमललेलं फूल घ्या. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. देठाचं टोक पाण्याखाली धरून तिरकं कापा, नाहीतर देठात हवेचा बुडबुडा अडकतो, वर पाणी चढत नाही आणि मान लवते. पाणी रोज बदला. फूल फ्रिजमधून काढल्या काढल्या हुंगू नका, गारव्यात वास दबतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, खोलीत ऊब आली की हुंगा, पण एकदाच आणि थोडा वेळ, कारण नाक फार लवकर सरावतं. आणि फुलदाणी पिकत घातलेल्या आंब्याकेळ्यांच्या शेजारी ठेवू नका. त्यांच्यातून सुटणारा इथिलीन वायू गुलाबाच्या पाकळ्या वेळेआधी गाळतो.