दुसऱ्या किल्लीचा प्रश्न

बिऱ्हाडकरू गावाला गेला असता मालकाने आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडले, खोल्या न्याहाळल्या आणि पुन्हा कुलूप लावले. चोरीस काही गेले नाही. मग तक्रार ती कसली? ‘घर माझेच आहे’ हे मालकाचे उत्तर इंदुरात काय आणि बडोद्यात काय, ठरलेलेच.

या उत्तरात मालकी आणि ताबा यांची गल्लत आहे. भाड्याने घर देणे म्हणजे त्याचा उपभोग मुदतीपुरता दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय. भाडेकरूने भाडे भरले व अटी पाळल्या, तर त्यास निर्वेध राहू देण्याची हमी मालकावर बंधनकारक आहे, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम मानते; करारात निराळे ठरले असल्यास गोष्ट वेगळी. त्याच कलमान्वये वाजवी वेळी घराची स्थिती पाहण्यास मालकाला येऊ देणे हे भाडेकरूचेही कर्तव्य आहे. गळते छप्पर पाहू न देणाऱ्या भाडेकरूची बाजू मला तरी घेता येणार नाही.

पण ‘वाजवी वेळ’ कोणती? भांडणाचे मूळ येथेच आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने वाजवी वेळेस पूर्वसूचनेची जोड दिली. केंद्र सरकारचा २०२१ चा आदर्श भाडेकरू अधिनियम अधिक स्पष्ट आहे. किमान चोवीस तास आधी लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना द्यावी, तीत कारण, दिवस व वेळ असावी, सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर येऊ नये. आग, पूर अशा संकटात मात्र सूचनेवाचून मुभा. तथापि हा केवळ नमुना आहे. विषय राज्यांच्या अखत्यारीतला असल्याने, जे राज्य तसा कायदा करील तेथेच त्याचा अंमल.

म्हणून सही करण्यापूर्वीच हे चोवीस तास करारपत्रात घालून घ्यावेत. दुसरी किल्ली कोणाजवळ राहील आणि केव्हा वापरली जाईल, तेही लिहावे. मालक ओळखीचा असला की आपणांस हे मागण्याचा संकोच वाटतो. पुढे बोलाचाली होते ती बहुधा अशाच घरांतून.

इतके करूनही कोणी न सांगता शिरलाच, तर त्याच दिवशी तारीख-वेळ नमूद करून त्यास लेखी कळवावे व प्रत जपून ठेवावी. धमकावण्याच्या, अपमानाच्या वा त्रास देण्याच्या हेतूने केलेला प्रवेश भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाखाली अपराध ठरू शकतो, आणि ते कलम मालकी कोणाची हे न पाहता ताबा कोणाचा हे पाहते. हेतू सिद्ध करणे अवघड असते. तेथे ही जपलेली पत्रे उपयोगी पडतात.