पोती उचलली म्हणजे व्यायाम झाला काय?

“दिवसभर हमालीच करतो, आम्हाला कशाला हवा व्यायाम?” कळमन्याच्या बाजारात धान्याची, मिरचीची पोती वाहणाऱ्या आमच्या भावांचे हे ठरलेले उत्तर. पण ओझे रोज त्याच खांद्यावर, कंबर त्याच बाजूला वाकलेली. तेच ते स्नायू थकतात, बाकीचे आखडून राहतात. उकिडवे बसून दिवसभर निवडणी-टिपणी करणाऱ्या बायांच्या गुडघ्यांचीही हीच गत!

अमेरिकेत १९८३ साली डेबी रोझास व कार्लोस रोझास यांनी ‘निया’ नावाचा व्यायाम काढला. उड्यांनी सांधे दुखावतात म्हणून त्यांनी बूटच काढून ठेवले आणि नाच, तायक्वांदो, ताई ची, योग यांची सांगड घातली. अंगाकडे लक्ष ठेवून हालचाल करायची, हा त्याचा गाभा. शहरात अशा वर्गांची फी ऐकली की आम्हाला घरचा किराणा आठवतो.

आता आपली लेझीम घ्या. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तीत खुळखुळणाऱ्या चकत्या. ती मूळची आखाड्यातलीच. ‘चार आवाज’, ‘दो रुख’ करताना डावे-उजवे बदलते, गुडघे लवतात, छाती उघडते. म्हणजे हमालीत जे होत नाही नेमके तेच. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात सांगलीची लेझीम वाजली होती. मिरवणुकीपुरती काढून ती वर्षभर माळ्यावर टाकायची, हे काही आम्हाला पटत नाही.

राहिले लक्ष. कामठी रोडवरील नागलोकात तथागतांची मूर्ती चालत्या अवस्थेतील आहे. चालताना आपण चालतो आहोत हे जाणावे, असे सतिपट्ठान सुत्त सांगते. लेझीम झाल्यावर दहा मिनिटे अनवाणी, सावकाश चालावे. टाच कधी टेकली, बोटे कधी उचलली, तेवढेच पाहावे. श्वास बसतो, आणि कोणता सांधा कुरकुरतो तेही कळते. जागा आधी झाडून घ्यावी, काचा फार असतात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच दम लागू द्यावा. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र पहाटेच उरकावे.

आणि बायांना वेळ कुठला? तेवढा अर्धा तास लेकरे पुरुषांनी सांभाळावीत.